न मागितलेला कागद

कॉलेजात त्यांना सगळे तासबाई म्हणत. तोंडावर अर्थातच मॅडम. नाव ठेवणाऱ्यांचा फार दोष नव्हता. नर्स प्रॅक्टिशनरच्या अभ्यासक्रमातल्या प्रत्येक मुलीने सहाशे तास खऱ्या रोग्यांमध्ये काढलेच पाहिजेत, असा नर्सिंग कौन्सिलचा नियम. ते तास कुठे, कोणाच्या हाताखाली, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे ठरवणं आणि लिहून ठेवणं बाईंकडे. साधी नर्स डॉक्टरांनी सांगितलेलं औषध देते. नर्स प्रॅक्टिशनर स्वतः तपासते आणि स्वतः औषध लिहून देते. त्यामुळे त्या तासांना सोन्याचा भाव, आणि तासबाई त्यातल्या सोनार. एक मुलगी एकदा पाचशे नव्याण्णव तास पंचावन्न मिनिटं घेऊन आली. बाईंनी तिला पाच मिनिटांसाठी परत पाठवलं. ती गेली, एका म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर घेतलं आणि सहीची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठीवर सहा मिनिटं होती. बाईंनी पाचच धरली.

त्या वर्षी मोठ्या हॉस्पिटलने दार लावून घेतलं. ‘यापुढे विद्यार्थी घेता येणार नाहीत’ एवढंच पत्रात होतं. कारण नव्हतं, मोठ्यांना ते द्यावं लागत नाही. वर्षानुवर्षं मुली तिथेच जात होत्या, त्यामुळे दुसरीकडे कुठे जाता येतं हे कोणाला माहीतच नव्हतं. अकरा मुली आणि त्यांचे अर्धवट तास उघड्यावर पडले.

बाईंनी पदर खोचला. दोन महिन्यांत त्यांनी एक चपलांचा जोड झिजवला आणि फोनवर इतकं गोड बोलल्या, की स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटू लागला. दोघींना एका शाळेच्या आजारी-खोलीत बसवलं; तिथे पोटदुखीची साथ फक्त गणिताच्या तासाला यायची. तिघी फिरत्या दवाखान्याच्या गाडीत चढल्या. चौघींची सोय वृद्धाश्रमात झाली. एकीला तुरुंगाच्या दवाखान्यात जागा मिळाली, आणि तिच्या सासूने शेजारीपाजारी ‘सरकारी ठिकाणी आहे’ एवढंच सांगितलं. उरलेसुरले तास प्रयोगशाळेतल्या रबरी रोग्यावर भागवले. हा रबरी गृहस्थ खोकायचा, घामाघूम व्हायचा, दर गुरुवारी हृदय बंद पडून मरायचा आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा हजर. पण रबराचे साठच तास धरायचे, हाही नियम होताच.

दहा जणींचं जमलं. राहिली एक. वर्गात तिला शिडी म्हणत, कारण वरच्या फळीवरची वस्तू काढायला कोणी स्टूल शोधत नसे. वय एकतीस, आठ वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढलेली, बोलायला रोखठोक. तिला कमी पडत होते एकशे ऐंशी तास, आणि तेही जुनाट आजारांचे: मधुमेह, दमा, ब्लडप्रेशर, जे रबरी माणसाला होत नाहीत.

तिची घाई खरी होती. तिच्या गावचं आरोग्य केंद्र दोन वर्षं कुलपात पडलं होतं. तिचे वडील ब्लडप्रेशरच्या गोळ्यांसाठी दोन तास बसने जायचे आणि दोन तास यायचे. येईपर्यंत ब्लडप्रेशर होतं त्याहून वर. त्या केंद्रावर तिची नेमणूक झाली होती, या सत्रात परीक्षा पास झाली तरच, या अटीवर. नाहीतर यादीतला पुढचा माणूस. आणि सहाशे तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं.

एक जागा होती. कापडगिरणीतल्या दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले होते, “पाठवा. पण आमच्याकडे गंमत नाही हो. तेच कामगार, तेच कान, तीच छाती.”

“गंमत नकोय, तास हवेत,” बाई म्हणाल्या. डॉक्टरांची नोंदणी, नूतनीकरण, सहीचा नमुना, सगळं बाईंनी त्याच दिवशी पाहून घेतलं. प्रत्येक कागद उजेडात धरून.

म्हणजे काम झालं होतं. बाईंनी स्वस्थ बसायला हवं होतं. पण त्या रात्री जेवताना त्यांच्या मनात आलं, की जुनाट आजारांचं काम आपल्या ताईइतकं चांगलं कोण शिकवणार? मनात आलेली गोष्ट खोटी नव्हती. खोटं एवढंच, की ती शिडीसाठी आली होती.

ताई त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी. बाईंना नाडी बघायला कॉलेजने शिकवलं नव्हतं. ताईने स्वतःच्या मनगटावर त्यांची बोटं ठेवून शिकवलं होतं, स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या मोजत. पुढे ताईही नर्स प्रॅक्टिशनर झाली आणि पलीकडच्या गावात तिने स्वतःचा छोटा दवाखाना काढला. दहा वर्षांपूर्वी कॉलेजात प्रात्यक्षिकं शिकवायला जागा निघाली, तेव्हा ताईने अर्ज केला. अर्जांची छाननी बाईंकडे. ताईच्या अर्जात सहा वर्षांच्या नोकरीचं पत्र नव्हतं, कारण ती नोकरी जिथे केली ते इस्पितळच बंद पडलं होतं. दुसऱ्या कोणाचा अर्ज असता तर बाईंनी शपथपत्र मागवून घेतलं असतं. तशी सोय होती. पण सख्ख्या बहिणीला सवलत दिली असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी लाल शाईने फुली मारली. ताईला फोन करून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बरोबर आहे तुझं.”

त्यांच्या घरात भांडणाचा यापेक्षा कडक प्रकार नव्हता. त्यानंतर फोन आले-गेले, लग्नाकार्यात गाठी पडल्या, पण ताईने पुन्हा काही मागितलं नाही आणि काही सांगितलंही नाही. पाच महिन्यांपूर्वी भावोजींना अर्धांगाचा झटका आला, तेही बाईंना आठवड्याने कळलं. त्यांनी तीनदा फोन केला. गेल्या मात्र नाहीत. काय तोंडाने जायचं, हा प्रश्न होता. आता शिडीच्या रूपाने तोंड मिळालं.

औषधांच्या दुकानामागे ताईचा दवाखाना होता, दोन खोल्यांचा. बाहेर सहा खुर्च्या, त्यांतली एक लंगडी. नेहमीचे लोक ती नवख्यांसाठी सोडत. आत तपासणीचं टेबल, वजनकाटा, हात धुवायचं भांडं आणि भिंतीवर फ्रेममध्ये ताईचं नोंदणी प्रमाणपत्र, कडा उन्हाने पिवळ्या पडलेलं. वरच्या मजल्यावर घर.

“ये चिंगी,” ताई म्हणाली. चोपन्न वर्षांच्या बाईंना चिंगी म्हणणारं जगात एवढंच तोंड उरलं होतं. “किती वर्षांनी वाट चुकलीस?”

“चार.”

“साडेचार. तू कधीपासून अर्धं सोडायला लागलीस?”

वर भावोजी खिडकीशी बसले होते. झटक्याने त्यांच्याजवळ एकच शब्द ठेवला होता: ‘अस्सं’. पूर्वी ते अख्खी बैठक हसवायचे. आता त्या एका शब्दात ते होकार, नकार, चहा आणि पंखा बंद करा, सगळं भागवत होते, आणि ताईला सगळं कळत होतं.

“एक मुलगी आहे,” बाईंनी विषय काढला. “सहा आठवडे, रोजचे सहा तास. हुशार आहे. जरा उंच आहे.”

“उंचीचा नियम आहे का तुमच्याकडे?”

“नाही.”

“मग पाठव. माझे दिवे बदलून घेईन तिच्याकडून.”

“फाटक्या तोंडाची आहे हं.”

“असू दे. इथे वर तुझे भावोजी आहेत, त्यांना ऐकायला कोणीतरी हवंच आहे.”

“अस्सं,” भावोजी म्हणाले, आणि तिघंही हसली. ते हसू किती दिवसांनी आलं याचा हिशेब बाईंनी मनात लगेच केला.

मग दोघी खाली दवाखान्यात आल्या. ताई टेबलामागे बसली, खणाच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “अजून काही लागेल का तुला माझ्याकडून?”

लागणार होतं. मार्गदर्शकाची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, आणि नूतनीकरणाचा कागद प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एकही तास धरायचा नाही, हा नियम. भिंतीवरचा कागद वीस वर्षांपूर्वीचा. त्याला विचारून उपयोग नव्हता. तुरुंगाच्या डॉक्टरांकडून, शाळेच्या नर्सकडून, गिरणीतल्या त्या कान-छातीवाल्यांकडून बाईंनी तो कागद मागून घेतला होता. पण ज्या तोंडाने एकदा कागदापायी ताईला परत पाठवलं, त्याच तोंडाने आज पुन्हा कागद मागायचा? भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे तर समोर सख्खीच होती.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुझं काय बघायचं?”

ताईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग खणावरचा हात काढून घेतला. तिचा चेहरा उजळला असं बाईंना वाटलं, आणि परतीच्या बसमध्ये त्या तोच चेहरा पुन्हा पुन्हा आठवत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवहीत ‘नोंदणी प्रत्यक्ष पाहिली’ या रकान्यात ‘होय’ लिहिलं, आणि गिरणीच्या डॉक्टरांना फोन करून कळवलं, की मुलीची सोय दुसरीकडे झाली.

सहा आठवडे दृष्ट लागावी असे गेले. शिडी दर शनिवारी तासांचा तक्ता घेऊन यायची आणि उभ्या उभ्या बडबडायची.

“मॅडम, तुमच्या ताई म्हणजे भारी आहेत. म्हणतात, गोळ्या घेता का असं रोग्याला विचारूच नकोस, जगात सगळे हो म्हणतात. घरी किती उरल्यात ते विचार. काल एका आजोबांना विचारलं. म्हणाले, ऐंशी. मी दिल्या होत्या तीस.”

“मग?”

“मग काय. शेजाऱ्याच्या पन्नास जमवून ठेवल्या होत्या, महागाईत मिळायच्या नाहीत म्हणून. दोघंही एक गोळी घेत नव्हते.”

बाई हसल्या आणि तास लिहून घेतले. तीस, साठ, नव्वद. त्या स्वतः दर रविवारी ताईकडे जाऊ लागल्या. आधी निमित्त शिडीच्या प्रगतीचं होतं, मग निमित्त लागेनासं झालं. ताई वाढायची, बाई भांडी घासायच्या, भावोजी ‘अस्सं’ म्हणायचे. एकदा ताईने भांडी विसळता विसळता विचारलं, “तुझं गुडघ्याचं काय?” आणि बाईंनी सगळं सांगितलं; गुडघ्याचं, एकटीने जेवण्याचं, निवृत्तीच्या भीतीचं. सहा रविवार. बाईंच्या अख्ख्या वहीत त्या सहांना कुठे रकाना नव्हता.

एकशे ऐंशी भरले. परीक्षेचा अर्ज पाठवायला चार दिवस उरले होते. अर्जात मार्गदर्शकाच्या नावापुढे नूतनीकरणाची तारीख लिहायची असते. बाईंनी फोन उचलला.

“ताई, तारीख सांग गं तुझी. फॉर्ममध्ये टाकायचीय.”

पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली.

“ताई? रिन्यू केल्याची तारीख.”

“केलेलं नाही,” ताई म्हणाली.

बाईंना आधी वाटलं, ती थट्टा करतेय.

“यांना झटका आला ना, त्याच महिन्यात मुदत संपत होती,” ताई सावकाश सांगत होती. “फॉर्म भरून ठेवला होता. नूतनीकरणाला लागतात ते व्याख्यानांचे तास, सह्या, सगळं होतं. दवाखाना महिनाभर बंदच होता. मग एक जण आला, त्याला परत कसं पाठवायचं? मग दुसरा आला. उद्या पाठवू, परवा पाठवू करत राहिलं ते.”

“आणि मी आले तेव्हा?”

“तेव्हा खणातच होता. मी धरूनच चालले होते की तू मागणार. तू आणि कागद मागायचा नाहीस? मागितलास की दाखवणार होते, की बाई, असं असं झालंय, मुलगी पाठवू नकोस, आधी मला हे निस्तरू दे. विचारलंही तुला, अजून काही लागेल का म्हणून.”

“मी नाही म्हणाले.”

“तू म्हणालीस, तुझं काय बघायचं.” ताई थांबली. “दहा वर्षं मी त्या वाक्याची वाट बघत होते, चिंगी. ते ऐकल्यावर खण उघडवेना.”

दोघींनी एकमेकींचा मान राखला होता, आणि त्याची किंमत तिसरीच मोजणार होती.

बाई प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांना तिखट आणि वाद दोन्ही सोसत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, “बाई, हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत, असं धरू या का?”

“तारीख रिकामी ठेवली तर?” बाईंनी विचारलं.

“कोण बघतंय? हजार अर्ज येतात त्यांच्याकडे. तुमच्या ताईंना म्हणावं, आजच रिन्यू करून टाका. वर्षभरात कोणाच्या लक्षातही येणार नाही.”

बाई आपल्या खोलीत येऊन बसल्या. बाहेर प्रयोगशाळेत गुरुवार चालला होता. रबरी माणूस मरायला टेकला होता आणि मुली एकमेकींवर ओरडत होत्या. रिकामी तारीख खपली असती, यात शंका नव्हती. पण खपलेलं कायम खपून राहतं असं नाही. तीन वर्षांनी एखाद्या रोग्याची तक्रार झाली, कोणी शिडीची फाईल उघडली, तर? आज गेले तर एकशे ऐंशीच तास जातील. तेव्हा गेले तर सहाशे जातील, नोंदणी जाईल, आणि तोवर तिने लिहिलेलं प्रत्येक औषध संशयात येईल. हा हिशेब बरोबर होता. त्यांनी तो तीनदा केला, कारण तिन्ही वेळा त्यांना तो चुकावा असं वाटत होतं. ताईचं नाव कळवावं लागणार, हे त्या हिशेबात धरलेलं नव्हतं. ते धरलं असतं तर हात चाललाच नसता.

त्यांनी कागद ओढला आणि कौन्सिलला लिहिलं: मार्गदर्शकाच्या नोंदणीची मुदत संपलेली होती. मी कागद न पाहता ‘पाहिला’ असं लिहिलं. विद्यार्थिनीचा यात दोष नाही.

शिडीला त्यांनी दुपारी बोलावलं. बसायला सांगितलं, ती बसली तरी उंचच दिसत होती. बाईंनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

“पहिल्या दिवशी वर्गात तुम्ही काय म्हणाला होतात?” शिडीने विचारलं. “ज्याचा कागद पाहिला नाही, त्याच्या हाताखाली हातमोजासुद्धा घालू नका.”

“हो.”

“आम्ही नकला करायचो तुमच्या त्या वाक्याची.”

“माहीत आहे.”

“मग एकदा सांगा मला. सहा आठवडे मी तिथे नव्हते का? त्या लोकांचे पाय, छात्या, साखरा, मी नाही बघितल्या?”

“बघितल्यास.”

“मग?”

“तू होतीस. नियमाच्या हिशेबाने तुझ्या मागे कोणी उभं नव्हतं.”

“होत्या ना. इथे, अशा.” शिडीने आपल्या खांद्यामागे हात दाखवला. “श्वास ऐकू यायचा त्यांचा.”

शिडीने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला, पुसून झाल्यावरही पुसतच राहिली.

“दुसरीकडे चार दिवसांत काही?”

“चार दिवसांत एकशे ऐंशी तास होत नाहीत.”

“चार दिवसांत शहाण्णवच असतात,” शिडी म्हणाली. “तेवढा हिशेब शिकले मी तुमच्याकडून.” ती उठली. दारात थांबून म्हणाली, “वडिलांना काय सांगू? त्यांनी केंद्राची पायरी धुऊन काढलीय. कुलूप आहे अजून, तरी.”

उत्तरासाठी शिडी थांबली नाही.

गिरणीच्या डॉक्टरांना बाईंनी त्याच संध्याकाळी फोन केला. ते म्हणाले, “अहो, तुम्ही नको म्हणालात, मग मी दुसऱ्या कॉलेजची मुलगी घेतली. परवाच तिचे तास संपले. मुलगी बरी होती, जरा झोपाळू.” त्यांनी पुढच्या महिन्यात जागा देऊ केली. शिडी पुढच्या महिन्यात तिथे रुजू झाली, तेच कामगार, तेच कान, तीच छाती. परीक्षा सहा महिने लांब. आरोग्य केंद्रावर यादीतला पुढचा माणूस आला. पंधरा दिवस राहिला, पाण्याची सोय नाही म्हणाला आणि बदली करून घेऊन गेला. कुलूप पुन्हा लागलं. पण आता ती जागा पुन्हा जाहीर व्हायला, अर्ज यायला, छाननी व्हायला वर्ष तरी लागणार होतं. हे सगळं बाईंना वर्गातल्या मुलींकडून कळलं. शिडी तास लिहून घ्यायला त्यांच्याकडे येत नव्हती, कारण वही आता दुसऱ्या मॅडमकडे होती. बाईंना वेळापत्रकाचं काम दिलं होतं: कोणता वर्ग कोणत्या खोलीत.

ताईला कौन्सिलचं पत्र आलं. तीन महिने रोगी तपासायचा नाही, त्यानंतर नूतनीकरणाचा विचार होईल. औषधांच्या दुकानदाराने खालच्या दोन खोल्यांवर ‘बंद’ अशी पाटी लावली. पाटीवर बंद का, हे लिहिलं नव्हतं, पण लोकांना कळायचं ते कळलं.

बाई तीन रविवार गेल्या नाहीत. चौथ्या रविवारी गेल्या. ताईने दार उघडलं, बाजूला सरली. भावोजी खिडकीशीच होते. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि काहीच म्हटलं नाही, जवळ होता तो शब्दही नाही.

ताईने चहा ठेवला. पाठमोरीच म्हणाली, “मुलीचं काय झालं?”

“परीक्षा पुढच्या सत्रात.”

“आणि नोकरी?”

“गेली.”

ताईने गाळणं धरलं. चहा कपांत पडत राहिला.

“तू लिहिलंस ते बरोबरच आहे,” ती म्हणाली. बाईंनी पुढे दुसरं वाक्य येतं का, याची वाट बघितली. ते आलं. “पण मी आधी सांगायला हवं होतं. मुलगी चांगली होती गं. दिवे बदलून गेली सगळे, न सांगता.” मग कप पुढे ठेवत तिने विचारलं, “मी त्या दिवशी नाही म्हणाले असते, तर तिची सोय झाली असती का दुसरीकडे कुठे?”

बाईंनी कपाचा कान धरला. तो पोळत होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “कुठेच नव्हती जागा.”

“खरं?”

“खरं. म्हणून तर तुझ्याकडे आले होते.”

ताईने मान हलवली. तिला पटलं की नाही हे बाईंना कळलं नाही. ताईचं तोंड वाचणं त्यांना एकदा जमलं असं वाटलं होतं, आणि त्यावर त्यांचा भरवसा राहिला नव्हता.

खाली कोणीतरी दार वाजवलं. ताई खिडकीतून वाकली, मग जिना उतरली. बाई तिच्या मागे गेल्या. बंद दवाखान्याच्या पायरीवर एक पोस्टमन उभा होता, सुट्टीच्या दिवसाच्या कपड्यांत, डाव्या पावलाला गुंडाळलेलं बँडेज मळून घोट्यापर्यंत सैल झालेलं.

“बघायला कोणी नाही, ताई. तिकडच्या दवाखान्यात गेलो तर म्हणाले सोमवारी या.”

“मग सोमवारी जा.”

“पाच मिनिटांचं काम आहे.”

“मला नाही करता येत आता.”

“करता येत नाही म्हणजे? तुम्हीच तर इतके दिवस करत होता.” त्याने बाईंकडे पाहिलं, जणू ही शहाणी दिसणारी बाई ताईला समजावेल. “सांगा हो तुम्ही यांना.”

बाईंनी मान खाली घातली. ताईने दोन्ही हात मागे घेतले होते आणि एकाने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं होतं. तिने पोस्टमनला सोमवारची बस किती वाजता सुटते ते सांगितलं, तोवर पाय ओला करू नको म्हणून सांगितलं, पायाखाली उशी घेऊन झोप म्हणून सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचे डोळे तिच्या हातांकडे लागले होते. मग तो वळला आणि कठडा धरून पायऱ्या उतरू लागला.

ताई दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत.

“टाचेवर भार देतोय,” ती हळूच म्हणाली. “टाचेवरच जखम आहे त्याची.”